लॅमिनेशन केलेलं विमानाचं तिकीट

‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं कुठे छापलेलं दिसलं की अजूनही माझे हात शिवशिवतात. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. पण परवा भाचीने तिचं रद्द केलेलं तिकीट दाखवलं आणि म्हणाली, ‘मावशी, हे गेलं गं, सोडून दे,’ तर मी चष्मा शोधायला उठलेच. सोडून दे म्हणजे काय? विमान कंपनीने नाही म्हटलं की आपण ‘बरं’ म्हणायचं, असं मला कुणी शिकवलंच नाही.

माझं दुकान कॉलेज रोडला, एका इमारतीच्या जिन्याखाली. टेबल, तीन खुर्च्या, फोन, पुढे फॅक्स, आणि भिंतीवर आयफेल टॉवरचं कॅलेंडर. नाशिकला तेव्हा धड विमान येत नव्हतं आणि मी विमानाची तिकिटं विकत होते, याची सासरच्या लोकांना फार गंमत वाटायची. आमचे हे एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्रात होते. मी कुणाच्या तरी परताव्यासाठी फोनवर भांडून घरी आले की म्हणायचे, ‘आमच्या चिमण्यांपेक्षा तुझाच धूर जास्त.’ म्हणू देत. त्या धुरावर माझी चूल तीनशे पासष्ट दिवस पेटत होती.

आधी धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हाचं तिकीट म्हणजे पातळ पानांची लांबट वही. प्रत्येक पानाच्या पाठीला लाल कार्बन. वरच्या पानावर बॉलपेन दाबून लिहायचं की खालच्या सगळ्या पानांवर उमटायचं. विमानाच्या प्रत्येक टप्प्याला एक पान. विमानतळावर ते पान फाडून घेणार आणि तुम्हाला आत सोडणार. शेवटचं पान प्रवाशाकडे राहणार. ती वही म्हणजेच पैसे. मी दर गिऱ्हाइकाला तेच पाठ म्हणून दाखवायचे: ‘हे कागद जिवासारखे जपा. भिजू देऊ नका, चुरगळू देऊ नका, एकही पान सुटं करू नका. कागद गेला तर विमान गेलं.’

आणि स्वस्तातलं तिकीट हवं असेल तर ते रद्द केल्यावर परतावा नाही. हे पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदारांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. ते म्हणत होते, ‘ताई, मी बसलोच नाय इमानात, तर पैशे कशाचे?’ शेवटी मी विचारलं, ‘दादा, तुम्ही बाग उक्ती दिलीत, व्यापाऱ्याने आधीच पैसे मोजले म्हणून भाव कमी घेतलात. आणि काढणीच्या दिवशी तो म्हणाला, मला नको तुमची द्राक्षं, तर?’ ते हसले. म्हणाले, ‘अस्सं हाय व्हय. मग बरोबर हाय त्यांचं.’ आणि उठून निघाले. मी त्यांना परत बसवलं. कारण विमानतळाचा कर तिकिटातच धरलेला असतो आणि तो प्रवास झाला तरच लागू होतो. माणूस उडालाच नाही तर तो कर परत द्यावाच लागतो, तिकीट कितीही स्वस्त असो. लोक मागत नाहीत म्हणून कंपन्या देत नाहीत. मी मागायचे.

नियमातली दुसरी फट म्हणजे आजारपण किंवा मृत्यू. घरात तसं काही घडलं तर नियम बाजूला ठेवायचा अधिकार असलेला एक माणूस प्रत्येक कंपनीत कुठेतरी बसलेला असतो. खिडकीवरची मुलगी तो माणूस दाखवत नाही, तिचा पगारच त्यासाठी असतो. तो शोधून काढणं हे माझं काम. त्याचं नाव मिळालं की मला पुरणपोळी जेवल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाइकंही एकेक. एका लग्न ठरलेल्या जोडप्याची सिंगापूरची तिकिटं होती. साखरपुडा मोडला. दोन्हीकडचे वडील एकाच सकाळी परतावा मागायला हजर. मी दोघांच्या मध्ये चहा ठेवला आणि तिकिटं रद्द केली. कंपनीशी दोन महिने झगडून अर्धे पैसे काढले, तोवर यांचं परत जमलं होतं. दोघे वडील एकत्र आले आणि मलाच म्हणाले, ‘एवढी घाई कशाला केलीत?’

पण खरी गोष्ट सिंधूताईंची. ती आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसते.

सिंधूताई आणि त्यांचे यजमान, आप्पा, मखमलाबादकडचे. मळ्यात शेवंती, झेंडू, थोडा गुलाब, कडेने मेथी-कोथिंबीर. एकुलती एक मुलगी मंगल, लग्न होऊन अमेरिकेत. जावई कंपनीत कामाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, दिवाळी सरता सरता, हे दोघे माझ्याकडे आले. मंगलला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने तिला विमानात बसायला मनाई केली होती.

‘ती येत नाय तर मग माहेरानंच जायचं,’ सिंधूताई म्हणाल्या. ‘मी जाते. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेकाच्या गवऱ्या...’

‘गवऱ्या नेऊ देत नाहीत,’ मी म्हटलं.

‘मग शेक कशानं देतेत तिथं?’

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. गवऱ्या रद्द झाल्या. व्हिसा मिळाला. दसऱ्याच्या झेंडूचे पैसे हातात होते, त्यांतून होळीनंतरचं स्वस्तातलं तिकीट काढलं. पैसे परत नाहीत, तारीख बदलत नाही, हे मी तीनदा सांगितलं आणि माझा तो कागद जपायचा पाठही म्हटला. आप्पा मन लावून ऐकत होते. इतकं मन लावून कुणी ऐकलं की मला बरं वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास सकाळी शटर वर केलं तर फुलांचा रिकामा टेम्पो दारात आणि दोघं पायरीवर बसलेली. सिंधूताईंचा चेहरा उतरलेला.

‘मंगलला झोपवून ठिवलीय डाक्टरनी,’ त्या म्हणाल्या. ‘रगताचा दाब चढलाय. पाय सुजलेत. बाळ लवकर काढावं लागंल म्हणतेत. जावई कामावर जातो आन् पोरगी दिसभर येकटी. रात्री फोनवर नुसती रडत व्हती. ताई, मला आत्ता जायचंय.’

होळीनंतरचं तिकीट आत्ता चालणार नव्हतं. नवं तिकीट महाग. शेवंतीचे, पुढच्या तोड्याचे पैसे उन्हाळ्यापर्यंत उभे राहिले असते, पण मंगल उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हती. एकच वाट होती. जुनं तिकीट रद्द करून त्याचे पैसे मिळवायचे. पैसे हातात पडायला महिने लागतात, पण परतावा मंजूर झाल्याची सही मिळाली तर माझ्या उधारीवर मी नवं तिकीट त्याच दिवशी लिहून देऊ शकत होते. सही नाही तर काही नाही, कारण तेवढी उधारी बुडाली असती तर माझं जिन्याखालचं दुकानही गेलं असतं.

माझ्या अंगात एकदम वारं भरलं. जावयाला फोन लावून डॉक्टरची चिठ्ठी फॅक्सने मागवली. मुंबईला तीन फोन केले आणि तो ‘बसलेला माणूस’ शोधला. पिंटो साहेब, दुसऱ्या दिवशी दुपारी भेटतील. मी टाळी वाजवली. ‘आणा तिकीट,’ मी म्हटलं.

आप्पांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला. रुमालातून प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून पाच चकचकीत, ताठ कार्डं निघाली आणि टेबलावर टकटक वाजली.

‘हे काय आहे, आप्पा?’

‘तिकीट,’ आप्पा अभिमानाने म्हणाले. ‘तुम्हीच म्हनला व्हता, भिजू देऊ नका, चुरगळू देऊ नका. शीबीएस बसस्टँडाजवळ लॅमिनेशन करून घेतलं. पान पान येगळं केलं, म्हंजे सगळं वाचाया येतं. पासपोर्टबी करनार व्हतो, पन तो झेराक्सवाला म्हनला, लय जाड हाय.’

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. लॅमिनेशनचं यंत्र गावात नवीन आलं होतं आणि लोकांनी घरातला दिसेल तो कागद प्लॅस्टिकमध्ये घातला होता. रेशनकार्ड, मार्कशीट, सातबारा, लग्नपत्रिका. आप्पांनी माझे पहिले दोन उपदेश पाळले होते आणि तिसरा, पान सुटं न करण्याचा, राहून गेला होता. सुट्या पानाला किंमत नाही, हे त्या पानावरच बारीक इंग्रजीत छापलेलं असायचं. उष्णतेने कार्बन वितळून अक्षरांभोवती गुलाबी ढग जमले होते. नंबर मात्र वाचता येत होता.

मी एक कोपरा नखाने उचकटून पाहिला. प्लॅस्टिकबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा निघायला लागला, तशी थांबले. मला हसू येत होतं आणि घामही फुटला होता. आप्पांना बोलून काय उपयोग, त्यांनी तर जिवासारखं जपलं होतं. तेवढ्यात फॅक्सवर डॉक्टरची चिठ्ठी आली. आप्पा ती हातात घेऊन म्हणाले, ‘याचंबी करून आनू का?’ मी ती त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावली. फॅक्सच्या त्या कागदाला उष्णता लागली की तो काळाठिक्कर पडायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाशिकच्या द्वारका चौकातून मी आणि सिंधूताई मुंबईच्या टॅक्सीत बसलो. आप्पा फुलांची तोड सोडू शकत नव्हते. सिंधूताईंच्या मांडीवर शेवंतीची पेंडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. कसारा घाट उतरेपर्यंत त्या फडक्यावर पाणी शिंपडत होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘मंगल झाली तवा माझी आय न्हवती. शेजारनीनं केलं सगळं. तवाच ठरवलं व्हतं, हिच्या वक्ताला मी असंल.’ मी त्यांचा हात धरून ठेवला.

विमान कंपनीचं ऑफिस नरिमन पॉइंटला, आत थंडगार. खिडकीवरच्या मुलीने कार्डं पाहिली आणि तिच्या शेजारणीला बोलावलं. शेजारणीने आणखी दोघांना बोलावलं. पाच मिनिटांत आमच्याभोवती बघ्यांची गर्दी. एकाने कार्ड उजेडात धरून पाहिलं, दुसऱ्याने टेबलावर वाजवून पाहिलं. मी म्हटलं, ‘मजा बघून झाली असेल तर पिंटो साहेबांना भेटवा.’

पिंटो साहेब पन्नाशीचे, बारीक, चष्म्यावरून बघणारे. मुंबईचं मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी आधी फॅक्स वाचला, दोनदा. सिंधूताईंकडे पाहिलं.

‘मुलगी आहे?’

‘येकच हाय,’ सिंधूताई म्हणाल्या.

‘मुलगी म्हणजे जवळचं नातं. हॉस्पिटलचा कागद आहे. रद्द करण्याचं शुल्क कापून बाकीचं मी परत देऊ शकतो,’ ते म्हणाले. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग त्यांनी हात पुढे केला. ‘तिकीट द्या.’

मी पाच कार्डं त्यांच्यासमोर पत्त्यांसारखी मांडली.

त्यांनी एकेक कार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाले, ‘मॅडम, परताव्याच्या अर्जाला ही पानं जोडून आमच्या परदेशातल्या मुख्य ऑफिसला पाठवायची असतात. तिथे ते पान तपासतात. हे त्यांना मी काय म्हणून पाठवू? सुटं केलेलं पान म्हणजे रद्द पान. आणि वर हे प्लॅस्टिक.’

‘हरवलं असं दाखवा,’ मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.

‘हरवलेल्या तिकिटाचे पैसे लगेच देत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. कुणाला ते सापडलं आणि त्याने प्रवास केला तर? म्हणून मुदत संपेपर्यंत थांबतो आम्ही. वर्ष जाईल. आणि हरवलेलं नाहीच आहे ना, माझ्यासमोर आहे.’

माणूस बरोबर बोलत होता, हाच तर त्रास. मी नियम उलटेपालटे करून बघत होते, एकही फट दिसत नव्हती. तेवढ्यात माझ्या बाजूला खसखस झाली. सिंधूताईंनी पिशवीतून फुलं तोडायची छोटी कात्री काढली होती आणि एक कार्ड उचललं होतं.

‘पिलाश्टिकच नडतंय ना? मी काढते. कोवळ्या कळीची साल काढते मी, ह्ये काय हाय.’

‘सिंधूताई, नको,’ मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेरच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली. कात्री कोपऱ्यात घुसली होती. आणखी जराशी सरकली असती तर नंबरच गेला असता आणि मग साक्षात ब्रह्मदेव आला असता तरी काही झालं नसतं. पिंटो साहेबांनी उठून, हळूच, त्यांच्या हातातून ते कार्ड घेतलं.

सिंधूताई तेव्हा रडल्या. आवाज न करता, पदर तोंडावर धरून. ‘आमीच वाटुळं केलं,’ म्हणाल्या. ‘जपाया गेलो आन् वाटुळं केलं.’

पिंटो साहेब कार्ड हातात घेऊन उभेच होते. त्यांनी ते वाकवायचा प्रयत्न केला. ते टणकन सरळ झालं. त्यांनी पान फाडतात तशी चिमूट धरून ओढून पाहिलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरायला लागलं.

‘मॅडम,’ ते मला म्हणाले, ‘हरवलेल्या तिकिटाला आपण का थांबतो?’

‘कुणी त्यावर उडेल म्हणून.’

‘आणि यावर कोण उडेल?’

मी टेबलावरच्या कार्डांकडे पाहिलं.

‘सव्वीस वर्षं या टेबलावर आहे,’ ते म्हणाले. ‘पोलिसांनी पकडलेली तिकिटं बघितली, पाण्यात पडलेली बघितली, कुत्र्याने खाल्लेलं एक बघितलं. प्रत्येक वेळी मनात शंका असते, यावर कुणी प्रवास करून तर आलं नाही ना. हे पहिलं तिकीट आहे ज्याच्याबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगतो, की यावर कुणीही, कधीही, कुठल्याही विमानात चढू शकत नाही.’

आणि ते हसायला लागले. मीही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिंधूताई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या, त्यांना वाटलं आम्हाला वेड लागलं. साहेबांनी टाइपरायटर ओढला आणि स्वतः टिपण बडवलं: तिकीट न वापरलेलं आहे, ते वापरणं शक्य नाही, प्रवाशाने ते जपण्यासाठी असं केलं आहे, परतावा मंजूर. खाली सही, सहीवर शिक्का. पाचही कार्डं एका जाड लिफाफ्यात गेली, कारण टाचणी त्यांच्यात घुसेना.

मी तो मंजुरीचा कागद हातात घेतला आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारली. त्या धंद्यात मी पुढे खूप वर्षं काढली, पण तसा आनंद क्वचित झाला. सिंधूताईंनी शेवंतीची पेंडी साहेबांच्या टेबलावर ठेवली. ‘ह्ये लाच न्हाय,’ त्या म्हणाल्या, ‘आमच्या मळ्यातलं हाय.’ साहेबांनी पाणी प्यायच्या ग्लासात फुलं लावली.

त्याच संध्याकाळी नाशिकला येऊन मी नवं तिकीट लिहिलं. बॉलपेन इतकं दाबलं की खालच्या टेबलाच्या सनमायकावर उमटलं. आप्पांच्या हातात ते दिलंच नाही. सिंधूताईंच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड सेफ्टीपिनेने लावलं आणि म्हटलं, ‘आप्पा, याला हात लावाल तर खबरदार.’ ते लाजून हसले. आठवडा उलटायच्या आत सिंधूताई विमानात होत्या, डिंकाच्या लाडवांसकट.

मग मी फोनची वाट बघत बसले. ज्यांचे पैसे मला काढून देता आले नाहीत अशीही माणसं आहेत. त्यांतले काही भाजीबाजारात समोर आले की आजही मी दुसऱ्या गल्लीत वळते. त्या आठवड्यात मनात तेच येत होतं, की पैसे मिळाले पण बाई वेळेत पोचली नाही तर त्या मंजुरीला काय चाटायचंय. फोन वाजला की मी झडप घालायचे, आणि पलीकडे कुणीतरी दुबईचा भाव विचारत असायचं.

शेवटी एके दिवशी सकाळी लांबून, खरखरत, आवाज आला. ‘ताई, सिंधू बोलते. अमेरिकेतनं.’

‘पोचलात? मंगल कशी आहे?’

‘बरी हाय. मी आले आन् चौथ्या दिशी बाळ काढलं. मी हाताला धरूनच व्हते तिच्या. पोरगी झाली, ताई. येवढीशीच हाय, काचंच्या पेटीत ठिवलीय. पन दूध पिती. रडती तर सगळ्या हास्पिटलाला ऐकू जातं.’

दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी ढसाढसा रडले. पलीकडे त्या माझी वाट बघत थांबल्या होत्या, मिनिटाला केवढे पैसे पडत असतील तरी.

‘ताई, येक इचारायचं व्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी रागवू नका. हितं पोरीच्या पावलाला शाई लावून कागदावर ठसे घेतलेत आन् तो कागद आमाला दिलाय. इवलीइवली पावलं. आप्पांना दावाया आननार हाय. तर त्याचं लॅमिनेशन केलं तर चालंल का?’

‘करा, सिंधूताई,’ मी म्हटलं, ‘खुशाल करा. हा कागद कुणाला परत द्यायचा नाहीये.’